चार मिनिटं गाडी, दहा तास ऊन : डिचोलीची कार स्प्रिंट

प्रवेश फी माणशी तीन हजार रुपये, हेल्मेटचं भाडं दोनशे, आणि दिवसभरात माझ्या वाट्याला प्रत्यक्ष गाडी चालवायला आली ती चार मिनिटं बारा सेकंद. हिशेब आधीच मांडतो, कारण घरी-दारी प्रत्येकाने पहिल्यांदा तोच विचारला आणि ऐकून डोक्याला हात लावला. मी मात्र पुढच्या वेळचे पैसे बाजूला काढून ठेवले आहेत.

मी गोव्यातल्या साखळीचा. एकोणीस वर्षं खाणीच्या मालाचा टिपर चालवला, त्यातली शेवटची काही वर्षं स्वतःचा. खेपेमागे पैसे मिळायचे. आमोण्याच्या जेटीवर माल ओतला की पुन्हा खाणीवर कधी पोचतो, एवढंच डोक्यात असायचं. वेग म्हणजे काय ते मला तिथे कळलं आणि त्याचं भयही तिथेच बसलं. एका अंगाला शाळेतून सुटलेली पोरं, मागून हॉर्न मारणारा दुसरा टिपर, आणि मध्ये आपण. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग थोड्या सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद. तेव्हा टिपर विकला. आता पिकअपची भाडी मारतो. घरी २०१० ची स्विफ्ट आहे, १.२ लिटर पेट्रोल.

माझा भाचा बावीस वर्षांचा. रात्री जेवण झालं की मित्रांबरोबर हायवेवर "जरा फिरून येतो" म्हणून निघायचा आणि बहिणीचा मला फोन यायचा. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी गाड्यांची चढाओढ केली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे मी त्याला दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा त्यानेच मोबाइल पुढे केला. डिचोली तालुक्यातल्या एका हौशी कार क्लबची स्प्रिंट, बंद खाजगी आवारात, घरची गाडी चालते. "मामा, इथे जाऊ दे." म्हटलं, जाऊ. पण मीही नाव घालतो. एका गाडीवर दोन चालक चालतात, दोघांच्या फेऱ्यांमध्ये पुरेसं अंतर ठेवतात.

स्प्रिंट म्हणजे दहा गाड्या एकमेकींना घासत धावणं नव्हे. रस्त्यावर एका वेळी एकच गाडी. उभ्या गाडीने सुटायचं, आखलेल्या वाटेने जायचं, शेवटची रेघ ओलांडायची. घड्याळ शतांश सेकंदापर्यंत मोजतं. सरावाच्या दोन फेऱ्या, मोजणीच्या दोन, मोजणीतली चांगली ती धरतात. वाट आखायला ठेवलेला कोन, म्हणजे शंकू, पाडला तर पाच सेकंद दंड. गट इंजिनाच्या आकारावर. आमच्या १४०० सीसीपर्यंतच्या गटात अकरा नावं, सगळी मिळून अडतीस.

जाण्याआधी मी दोन कामं केली आणि ती प्रत्येकाने करावीत असं मला मनापासून वाटतं. पहिलं, ब्रेक ऑइल बदललं. डॉट ३ प्रतीचं काढून डॉट ४ प्रतीचं घातलं. ताज्या डॉट ३ ला किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळी येता कामा नये असं मानक आहे, डॉट ४ ला २३० पर्यंत. जुनं ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि हा आकडा बराच खाली येतो. भरलेला टिपर घेऊन उतार उतरणाऱ्याला ऑइल उकळून ब्रेक पेडल मऊ होणं काय असतं ते वेगळं समजवावं लागत नाही. दुसरं, विम्याची पॉलिसी काढून वाचली. खाजगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. म्हणजे तिथे गाडी ठोकली तर खर्च आपल्या खिशातून. क्लबच्या फॉर्मवर सही करतानाही हे लिहिलेलं होतं, पण अक्षर इतकं बारीक की पोरं न वाचताच सह्या करत होती. ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवायला हवं होतं.

जानेवारीचा शेवटचा आठवडा. सहा वाजता कारापूर तिस्कावर चहा घेतला आणि सात वाजता फाटकाशी पोचलो. आत शिरलो आणि गाडी थांबवून बसूनच राहिलो. ते आवार माझ्या ओळखीचं होतं. पूर्वी तिथे माल साठवायचे. ज्या वजनकाट्यापाशी मी वर्षानुवर्षं रांगेत टिपर उभा केला, त्याच काट्याला लागून सुरुवातीची पांढरी रेघ ओढलेली. शेडच्या भोवतीने जाणारा आतला डांबरी रस्ता, १.१ किलोमीटर, नऊ वळणं. कडेच्या काजूंना मोहर आलेला, पानांवर मात्र अजून ती लाल धूळ.

तपासणी म्हणजे या सबंध दिवसातला सगळ्यात नीट झालेला भाग. साठीचे एक गृहस्थ, हातात टॉर्च. बॅटरी दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली, हलली नाही. ॲक्सिलरेटर दाबून सोडला, पेडल झटकन वर येतं का बघितलं. चाकाचे नट, सीटबेल्टची शिवण, टो करायचा हूक. मग पायाखालचं मॅट काढायला लावलं, स्टेपनी आणि जॅक उतरवला, दाराच्या कप्प्यातली पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर. ती बाटली घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होतं ते त्यांनी स्वतः खाली वाकून, बाटली तिथे अडकवून भाच्याला दाखवलं. पेडल अर्ध्यावरच थांबलं. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याच्या गाडीत नेहमी तीन बाटल्या लोळत असतात. शेवटी डॅशबोर्डवरचा गणपती. ते म्हणाले, "देवाक आज सावळेंत बसोवया." दोन बाजूंनी चिकटवलेली छोटी मूर्ती मी सोडवली, रुमालात गुंडाळली आणि मांडवात टेबलावर ठेवली. तिथे आधीच चार गणपती, एक साईबाबा, एक क्रूस आणि एक काळा दगडी नंदी ओळीने बसले होते.

मग सगळ्यांना घेऊन वाट पायी चालायला नेलं. ही गोष्ट मला आधी माहीत नव्हती आणि आता वाटतं की अर्धी स्प्रिंट तिथेच होते. गाडीत बसून वळण दिसतं तसं ते पायी दिसत नाही. चौथ्या वळणावर डांबर बाहेरच्या अंगाला कललेलं होतं, म्हणजे गाडी आपोआप बाहेर ओढली जाणार. सातव्या वळणानंतर सरळ पट्टा, तेव्हा सातव्यात थोडं हळू शिरून लवकर ॲक्सिलरेटर द्यायचा, कारण तिथे मिळवलेला वेग सबंध पट्टाभर पुरतो. तपासणीवाले गृहस्थच बरोबर होते. मी विचारलं, ब्रेक नेमका कुठे? म्हणाले, "ब्रेक गाडी नीट आसतना मार, मागीर वळय." म्हणजे गाडी सरळ असताना ब्रेक मार, नंतर वळव. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकांवर येतं, चाकं रस्ता धरतात, मग वळवायचं. टिपर चालवताना मी हे नकळत करत होतोच. मागे दहा टन असले की वळणात ब्रेक मारायची कोणाची छाती नसते. रिकाम्या छोट्या गाडीने ती सवय माझ्या पायातून काढून टाकली होती.

फेऱ्या साडेआठला सुरू व्हायच्या होत्या, सुरू झाल्या सव्वानऊला. कारण ॲम्ब्युलन्स उशिरा आली. क्लबवाल्यांनी ती फाटकातून आत येईपर्यंत एकही गाडी सोडली नाही. रांगेत कुरकुर झाली, मी तिथल्या पोरांना हात जोडून मनापासून "योग्य केलं" म्हटलं. वाटेवर पाच ठिकाणी मार्शल, प्रत्येकाकडे झेंडे आणि आग विझवायचं नळकांडं.

माझा नंबर. रेघेवर गाडी उभी केली की एक पोरगा मागच्या चाकाला लाकडाचा गुटका लावतो, म्हणजे ब्रेक धरून बसायला नको. आम्ही टिपरला दगड लावायचो तसंच. पुढे दिवा. हिरवा झाला म्हणजे त्याच क्षणी सुटलं पाहिजे असं नाही. रेघेवर आडवा सोडलेला प्रकाशाचा किरण गाडीच्या नाकाने तोडला की घड्याळ चालू होतं. तेव्हा घाई नाही. मी श्वास घेतला, क्लच सोडला आणि चाकं जागेवरच फिरली. रात्रीचं दंव आणि लाल धूळ यांचा पातळ लेप डांबरावर होता. पहिल्या वळणात स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच निघाली, दोन कोन थोडक्यात चुकले. ६६.४० सेकंद.

दुसऱ्या सरावाआधी भाच्याने खिशातून खडू काढला. शाळेचा पांढरा खडू. पुढच्या दोन्ही टायरांच्या खांद्यावर, जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते, तिथे त्याने आडव्या तीन-तीन रेघा मारल्या. फेरी मारून आल्यावर बघितलं तर डाव्या टायरवरच्या रेघा भिंतीवर बोटभर खालपर्यंत पुसल्या गेलेल्या. म्हणजे वळणात टायर इतका लोळत होता की नक्षीवर चालायचं सोडून भिंतीवर चालत होता. हवा ३० होती, ती पुढच्या टायरांत ३४ केली. पुढच्या फेरीला खडू नक्षीच्या काठाशीच पुसला गेला, त्याच्या खाली रेघ जशीच्या तशी. स्टिअरिंगमध्ये तो फरक हाताला कळला. गाडी सांगितल्याबरोबर वळत होती. एकोणीस वर्षं टायर हाताळले, शेकडो पंक्चर काढली, पण टायर आपल्याशी बोलतो आणि ते एका रुपयाच्या खडूने वाचता येतं हे मला बावीस वर्षांच्या पोराने दाखवलं. रात्रीच्या त्या हायवेवर तो हेच शोधत असणार. तिथे त्याला ते सापडलं नसतं, कारण तिथे घड्याळही नाही आणि परत येऊन टायर बघायला सावलीही नाही.

सरावाची दुसरी ६३.१२, मोजणीची पहिली ६१.७५. भाच्याची मोजणीची पहिली ६१.०९.

आमच्या गटात म्हापशाची एक मुलगी होती, आईची स्विफ्ट घेऊन आलेली, आई मांडवात बसून लोकर विणत होती. ती मुलगी ५८.९३ मध्ये आली. गाडी आमच्यासारखीच, कदाचित आमच्यापेक्षा जुनी. मी जाऊन विचारलं, "बाय, तू सातव्यात काय करतेस?" ती म्हणाली, "काका, तुम्ही वळण दिसलं की वळता. मी अजून थोडं थांबते." तिने जमिनीवर चपलेच्या टोकाने वळण काढून दाखवलं. उशिरा वळलं की बाहेर पडताना रस्ता सरळ मिळतो. असं कोणी कोणाला स्पर्धेत सांगत नाही, असा माझा समज होता. इथे सगळेच सांगत होते. मडगावचा एक जण जुनी होंडा सिटी व्हीटेक घेऊन आला होता, २००३ च्या आधीची, १०६ हॉर्सपॉवरची. दिवसातली सर्वांत कमी वेळ त्याची, ५४.९६. त्या गाडीच्या बॉनेटभोवती दुपारभर पोरं होती आणि तो प्रत्येकाला न कंटाळता उत्तर देत होता.

खाण्याबद्दल थोडक्यात. गावातल्या बायकांच्या गटाने पातळ भाजी, पाव, मिरची भजी आणि चहा ठेवला होता. भाजी गरम, पाव ताजा, दर वाजवी. दोनदा घेतली.

आता जे चुकलं ते. पाणी एक वाजता संपलं. जांभ्याच्या सड्यावर जानेवारीतही दुपारचं ऊन खालून आणि वरून दोन्हीकडून भाजतं, मांडव एकच आणि माणसं दीडशेच्या आसपास. बायकांसाठी शौचालयाची सोय नव्हती. म्हापशाच्या त्या मायलेकींना शेजारच्या वाड्यावर एका घरी जाऊन विनंती करावी लागली. पुढच्या वेळी आणखी मुली याव्यात असं क्लबला वाटत असेल तर ही पहिली गोष्ट आहे. भाड्याची हेल्मेटं स्कूटरची होती. आयएसआयचा शिक्का होता, पण आतला कपडा आदल्या माणसाच्या घामाने ओला. पातळ सुती टोपी आत घालायला दिली असती तरी चाललं असतं.

आणि टायमिंग. शेवटच्या रेघेवर एका तिपाईवर यंत्र, पलीकडे दुसऱ्या तिपाईवर आरसा, मध्ये किरण. दुपारी वारा सुटला आणि आरशाची तिपाई हलली. सहा गाड्यांच्या मोजणीच्या दुसऱ्या फेरीची वेळ लागलीच नाही, सातवी आली तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं. त्या सहांत भाचा होता. ती त्याची फेरी मी सहाव्या वळणाच्या मार्शलच्या मागे उभा राहून बघितली. एकही कोन नाही, टायरचा आवाज सगळीकडे सारखा, न किंचाळणारा, आणि सातव्यात तो त्या मुलीसारखाच थांबला आणि मग वळला. साठच्या आत होती ती फेरी, माझी खात्री आहे. आधी क्लबने सांगितलं की पहिली फेरीच धरू. सकाळी वाटेत कुत्रा आला म्हणून लाल झेंडा दाखवून थांबवलेल्या गाडीला तिथल्या तिथे रीरन, म्हणजे तीच फेरी पुन्हा मारायचा मोका, दिला होता, मग इथे का नाही, असं मी आणि आणखी दोघांनी विचारलं. तासाभराने मान्य झालं. पण लाउडस्पीकर बंद पडलेला, कोणीतरी तोंडीच रांगेपाशी सांगितलं. भाचा तेव्हा खाली दुकानावर गेला होता. कशाला, तर पाणी आणायला, मांडवातल्या म्हाताऱ्या माणसांसाठीही. तो बारा बाटल्या घेऊन परत आला तोवर रीरन आटोपले होते आणि कोन उचलायला घेतले होते.

तो काही बोलला नाही. बाटल्या वाटल्या आणि स्टेपनी गाडीत चढवायला लागला.

माझी शेवटची फेरी ६०.३८. गटात पाचवा. चौथ्याची वेळ ६०.३५. सरासरी काढली तर मी ताशी जेमतेम ६५ किलोमीटरने गेलो, म्हणजे सेकंदाला १८ मीटर. तीन शतांश म्हणजे अर्ध्या मीटरहून थोडं जास्त, साधारण अडीच वीत. सबंध १.१ किलोमीटरमध्ये कुठेतरी तेवढं मी गमावलं. कुठे ते मला माहीत आहे. चौथ्या वळणात, जिथे डांबर बाहेर कलतं, तिथे मी भीतीने ॲक्सिलरेटर एकदा सोडला. हायवेवर ६५ ला माणूस मोबाइलवर बोलतो. इथे त्याच ६५ ला प्रत्येक वीत आठवणीत राहते.

ज्यांना जायचं आहे त्यांना एवढंच सांगतो. गाडी कुठलीही न्या, पण ब्रेक ऑइल आणि टायर चांगले न्या. स्वतःचं हेल्मेट न्या. माणशी चार लिटर पाणी, छत्री, खडू, हवा मारायचा पंप. दिवसभर थांबायची तयारी ठेवा, कारण फेऱ्यांपेक्षा दोन फेऱ्यांमधला वेळच जास्त शिकवतो. गाडी चालवणारं मूल घरात असेल तर त्याला घेऊन जा, आणि स्वतःही नाव घाला. बाजूला उभं राहून बघणं वेगळं.

सोमवारी मी क्लबला सविस्तर लिहिलं. पाणी, बायकांची सोय, हेल्मेट, आणि यंत्र बिघडलं तर रीरन कधी, कोणाला आणि किती वेळ आधी सांगून द्यायचा याचा लेखी नियम, जो सकाळी सगळ्यांसमोर वाचला जाईल. बुधवारी उत्तर आलं. पाण्याचं आणि शौचालयाचं मान्य, हेल्मेटचं बघतो, रीरनचं समितीपुढे ठेवतो. मी परत लिहिलं आहे की तिपाई जमिनीत रोवायला दोन लोखंडी खुंट आणि एक घण मी स्वतः घेऊन येतो, पण नियमाचा कागद नाव नोंदवण्याआधी हातात हवा. भाच्याने तेवढ्यात दोन्ही नावांचा फॉर्म भरून ठेवला आहे, पैसे भरायचे बाकी आहेत.